नदीमधली रेघ

बुधवार, १५ जानेवारी

पोचले. चिपळूणहून मंडणगडपर्यंत एसटी, पुढे शेअर रिक्षा आणि शेवटचा उतार बॅग ओढत पायी. बहिणीला फोन केला तर तिचा पहिला प्रश्न, "एकटीच आहेस ना अजून?" जणू वाटेत कोणी भेटणारच होतं. शेहेचाळिसाव्या वर्षी बाई एकटी फिरायला निघाली की लोकांना तिची काळजी तरी वाटते नाहीतर संशय तरी येतो. कॉलेजच्या ऑफिसात रजेचा अर्ज दिला तेव्हा हेडक्लार्कनेही विचारलं, "कोणाकडे जाताय?" कोणाकडे नाही. पक्षी बघायला जातेय, नवा कॅमेरा घेतलाय, म्हटलं. ते हसले.

खारवट गाव सावित्रीच्या खाडीला चिकटून आहे. मी उतरलेय ते घर तर पाण्याला खेटूनच. वर पाहुण्यांसाठी एक खोली, मागे लांब गॅलरी, खाली थोडंसं परस, मग माड, मग खाडी. समोरचा काठ रायगड जिल्ह्याचा. तिकडचे दिवे, तिकडचं देऊळ, इतकंच काय मोबाइलची रेंजसुद्धा तिकडची.

घर चालवते ती ज्ञानेश्वरी, तिशीची असेल. नवरा अनिल मुंबईत कंपनीत असतो, गणपतीला आणि शिमग्याला येतो. घरात ती आणि सासरे आप्पा, दोघंच. चहा देताना तिने विचारलं, "ताई, तुम्ही हापिसात असता म्हणालात. सरकारी?"

"कॉलेजचं ऑफिस. क्लार्क आहे मी."

"पण सरकारी नाय ना?"

दोनदा विचारलं. मी आठवडाभर राहणार हे ऐकून आप्पांनी सुनेकडे पाहिलं. "येवढे दिस हितं काय बघशील बाय?" म्हणाले. मी म्हटलं, पक्षी.

गॅलरीच्या कठड्यावर लाल साडी वाळत टाकली होती. फोटोच्या आड येत होती म्हणून काढायला गेले तर ठणठणीत कोरडी. ज्ञानेश्वरी खालून म्हणाली, "राहू दे ताई, तिथंच राहू दे."

खाडीवर आवाज म्हणून नाही. पाणी हलतंय की नाही तेही कळत नाही. हेच हवं होतं मला.


गुरुवार, १६ जानेवारी

दिवसभर खंड्या, बगळे आणि एक समुद्रगरुड, फार लांबवर. गावात फेरी मारली. माणसं हसतात पण थांबत नाहीत. मी जवळ गेले की बोलणं बदलतं. नाक्यावर संदेशचं किराणा दुकान आहे. भला मोठा माणूस, गळ्यात जाड चेन. मी बिस्किटं मागितली तर त्याने आधी कॅमेरा हातात घेऊन पाहिला. "हापिसाचा का हा?"

"माझाच आहे."

"बरं, बरं. मॅडम, परतीची गाडी कुठल्या दिवशी?"

बहुतेक पर्यटक दोन दिवसांत जातात, म्हणून विचारत असतील.

खंड्याचा फोटो आमच्या पक्षी ग्रुपवर टाकला. बऱ्याच जणांनी अंगठे दिले, पण सुजय म्हणून जो मुंबईचा मेंबर आहे त्याने वेगळा मेसेज केला: "प्रकाश फार सुंदर पकडलाय तुम्ही." तो व्हिडिओबिडिओ करतो, म्हणजे त्याला कळत असणार. दोनदा वाचला मेसेज. लिहूनच टाकते, तीनदा.

रात्री जेवताना मला राहवलं नाही. ज्ञानेश्वरीला म्हटलं, तुम्ही सगळे मला एवढे का बिचकता? मी कसली साहेब? माझ्या सहीला कॉलेजात शिपाईसुद्धा विचारत नाही. ती पहिल्यांदा मोकळी हसली. मग म्हणाली, "ताई, उद्या घावनं करू का तुम्हाला?"


शुक्रवार, १७ जानेवारी

आज गाव एकदम बदललं. सकाळी जाग आली ती धडधड आवाजाने. गॅलरीत आले तर लाल साडी नव्हती, आणि खाडी बोटींनी भरली होती. रुंद, सपाट बोटी, प्रत्येकीवर पंप, पंपाचा जाड पाइप पाण्यात सोडलेला, आणि बोटीच्या पोटात ओल्या वाळूचा ढीग. पाणी ढवळून मासे वर येत असावेत, कारण बगळ्यांचे थवेच्या थवे बोटींमागे फिरत होते. आणि एका बोटीच्या काठीवर, माझ्या अगदी समोर, समुद्रगरुड येऊन बसला. किती फोटो काढले कोण जाणे.

ज्ञानेश्वरी घावनं घेऊन वर आली, कॅमेरा बघून थबकली. "ताई, बोटींचे फोटो नको हां. पोरांना आवडत नाय."

मी म्हटलं, बोटींचे कशाला काढू, मला गरुड हवाय.

दुपारी रस्त्यावर एका मोटरसायकलने लांबलचक हॉर्न दिला. बघता बघता सगळ्या बोटी पंप बंद करून सरकल्या आणि खाडीच्या पलीकडच्या अर्ध्यात जाऊन उभ्या राहिल्या. थोड्या वेळाने एक पांढरी जीप वरच्या रस्त्याने येऊन गेली. मग बोटी परत आल्या. मला गंमत वाटली. आप्पा परसात बसले होते, त्यांना विचारलं.

"नदीच्या मधनं रेघ हाय," ते म्हणाले. "अल्याड रत्नागिरी, पल्याड रायगड. हिकडचा साहेब आला की तिकडं जायचं, तिकडचा आला की हिकडं. रेघ कोणाला दिसत नाय. बोटींना तेवढी दिसते."

गरुडाचा फोटो ग्रुपवर टाकला. दहा मिनिटांत सुजय: "अप्रतिम. कुठली जागा ही? आणखी टाका ना, थोडी रुंद फ्रेम, आजूबाजूचं सगळं दिसेल अशी."


शनिवार, १८ जानेवारी

मागचं बाथरूम आज बंद केलंय. फरशीला तडा गेलाय, बोट जाईल एवढा. पुढच्या अंगणातलं वापरा म्हणाली. म्हणजे सकाळी टॉवेल घेऊन सगळ्यांसमोरून जायचं. घर बांधून दोन-तीन वर्षंच झालीत म्हणे. हल्ली कामंच कच्ची होतात.

आप्पा काठाला बांबू ठोकत होते, मध्ये दगड भरत होते. एक माड पाण्यावर इतका वाकलाय की त्याची मुळं केसांसारखी उघडी पडलीत. मी जाऊन दोन दगड उचलून दिले. म्हणाले, "पोरगा घर वरनं बांधतोय नि खालनं काढतोय."

आप्पांचं बोलणं कधी कधी कळत नाही. मुलगा तर मुंबईत आहे.

संध्याकाळी स्वयंपाकघरात एक माणूस जेवताना दिसला. ओलेता, डोळे लालभडक, निळी हाफपँट. ज्ञानेश्वरी त्याला गरम भाकरी वाढत होती. मला बघून चपापली. "हा बाळा. माझा भाऊ." त्याने मान हलवली. मी वर जात असताना आप्पांचा आवाज आला, "अनिल, पाठीला तेल लावून घे." वयाने माणसं नावं विसरतात. माझी आईही शेवटी मला मावशीच्या नावाने हाक मारायची.

सुजयशी आज बराच वेळ मेसेजवर बोलले. तो म्हणाला, जमलं तर एक दिवस येऊन जाईन, लोकेशन पाठवा. पाठवलं. बोटी किती वाजता असतात, किती असतात, तेही विचारत होता. मी सांगितलं, अगदी पहाटेपासून, आमच्या गॅलरीखालीच, आणि बोटी असल्या की गरुड येतोच. तो आला तर ज्ञानेश्वरीला आधी सांगायला हवं, जेवण वाढवावं लागेल. निळा कुर्ता आणलाय ते बरं झालं.


रविवार, १९ जानेवारी

रविवारी बोटी बंद. बाळाने मला होडीतून कांदळवनात नेलं. पैसे घ्यायला तयार नव्हता. फार कमी बोलतो, पण पक्षी दिसला की वल्हं थांबवतो, सांगावं लागत नाही.

मी विचारलं, तुम्ही त्या बोटींवर काय करता?

"खाली जातो. पाइपाच्या तोंडात ओंडका, जाळं, काय काय अडकतं. पंप थांबतो. मग खाली जाऊन हातानं काढायचं."

"हवेचं नळकांडं वगैरे काही लावून?"

"नाय. श्वास हाय तवर." तो हसला. आधी मुंबईला पॅकिंगच्या कामाला होता. लॉकडाऊनमध्ये चालत-टेम्पोने गावी आला, मग गेलाच नाही.

परत येताना त्याने घरापासून बऱ्याच लांब, उघड्या पाण्याकडे वल्हं दाखवलं. "हितं आमचा खळा होता. हितं मी क्रिकेट खेळलोय."

"मग नदी सरकली का?"

"नदी कशाला सरकतेय, ताई."

थोडं पुढे आल्यावर त्याने विचारलं, "तुम्ही फोटो कुठं टाकत नाय ना?"

म्हटलं, फक्त आमच्या पक्ष्यांच्या ग्रुपवर. तो स्वतःशीच म्हणाला, "पक्ष्यांचा ग्रुप. ते पक्षीच बघणार."

संध्याकाळी सुजयला मेसेज केला, बोटींचे फोटो कुणाला देऊ नका हं, इथल्या लोकांना आवडत नाही. त्याने वाचला. उत्तर आलेलं नाही. कामात असेल.


सोमवार, २० जानेवारी

दुपारी ग्रुपवर कोणीतरी लिहिलं, "अभिनंदन मृणालीताई, तुमचा फोटो गाजतोय." खाली एका वृत्तवाहिनीच्या व्हिडिओची लिंक. उघडली.

माझाच फोटो. सावित्रीच्या पात्रात वाळूचोरी, राजरोस लूट, प्रशासन झोपेत. गावाचं नाव, बोटी कधी येतात ती वेळ, सगळं. आणि बोलणारा सुजय. चांगला दिसतो. फोटो कडेने कापला होता. ज्या काठीवर गरुड बसला होता ती काठीच फोटोत नव्हती. बोट, पंप आणि पंपाजवळ वाकलेला निळ्या हाफपँटचा माणूस, एवढंच.

सुजयला फोन केला. उचलला नाही. मग मेसेज आला, "ताई, तुम्ही मोठं काम केलंत. नाव कुठे घेतलेलं नाही, निश्चिंत राहा."

यात खोटं काही नव्हतं, हेच मी दुपारभर स्वतःला सांगत बसले. चोरी ती चोरीच. काठ खचतोय तो त्यामुळेच, एवढं तर मलाही कालपासून कळलंय. पण मग खाली जायला पाय का निघेना?

जेवायला गेले तेव्हा सगळे होते. बाळाही होता. ज्ञानेश्वरीने मुळ्यांचं, म्हणजे खाडीतल्या शिंपल्यांचं, सुकं केलं होतं. बाळा आप्पांची नक्कल करत होता, आप्पा जीप आली की खोकतात त्याची. आप्पासुद्धा हसले. त्यांच्यापैकी कोणी तो व्हिडिओ पाहिलेला नव्हता, हे उघड होतं. मी दोनदा तोंड उघडलं. एकदा मीठ मागितलं. एकदा म्हटलं, छान झालंय.

सकाळी सांगेन. चहाच्या वेळी, शांतपणे.


मंगळवार, २१ जानेवारी

नीट, झालं तसं लिहिते.

सकाळी उठले तेव्हा बोटी लागलेल्या होत्या. सगळ्यात जवळची आमच्या बाजूलाच, माडापासून फार लांब नाही. चहा यायचा होता. म्हटलं तोवर पाणकावळे बघू. ते बुडी मारतात आणि कुठे वर येतील सांगता येत नाही. लेन्समधून तेच बघत होते. त्या बोटीचा पंप बंद पडला. बाळा बोटीच्या काठावर आला, छाती भरून घेतली आणि पाइपाला धरून खाली गेला.

तेवढ्यात रस्त्यावर हॉर्न, एकामागून एक. ज्ञानेश्वरी धावत वर आली, हातात ती लाल साडी. कठड्यावर टाकताना तिचा तोल गेला, मी धरलं. बोटी नेहमीसारख्या पलीकडे सरकायला लागल्या, आणि पलीकडूनही लाँच आली. आप्पा खालून ओरडले, "दोनी कडनं आले." असं आजवर झालं नव्हतं म्हणे.

मग सगळी पळापळ. जवळच्या बोटीवर दोघं पोरं होती. त्यांनी पाइपाचा दोर कोयत्याने तोडला, इंजिन सुरू केलं आणि समुद्राच्या दिशेने बोट सोडली. पाइप पाण्यात गेला. एक पाणकावळा मासा घेऊन वर आला, तेही मला दिसलं.

बाळा वर आलेला मी पाहिला नाही. पण मी सतत तिथेच बघत नव्हते. लाँच बघत होते, ज्ञानेश्वरीला बघत होते. तो पट्टीचा पोहणारा. पाण्याखालून कांदळवनात शिरला असेल.

दुपारी ज्ञानेश्वरी म्हणाली, "पोरं पलीकडं लपली असतील. मागंही दोन दिवस राहिली होती तिकडं." तिने त्याच्या वाटणीची भाकरी फडक्यात गुंडाळून ठेवली. मी हो म्हटलं. नक्कीच असेल, म्हटलं.

व्हिडिओचं सांगायचं राहिलं. आता सांगून तरी काय?


बुधवार, २२ जानेवारी

बोटीवरची दोघं पोरं सकाळी परत आली. त्यांना वाटत होतं, तो घरी आहे.

ज्ञानेश्वरी परसात उभी होती. त्यांच्याकडे बघत राहिली, मग खाडीकडे. मी जिना उतरून तिच्याजवळ गेले आणि सांगितलं. तो खाली गेलेला मी पाहिला, दोर तोडला तेव्हा तो खालीच होता, वर आलेला मला दिसला नाही.

"काल का नाय सांगितलंत?" ती म्हणाली. आवाज चढवला नाही.

म्हटलं, तो फोटोही माझाच होता.

"ते माहीत आहे, ताई. काल संदेशने दाखवला."

काल. म्हणजे माझ्यासमोर काल दोन वेळचं ताट ठेवताना तिला माहीत होतं.

ती आत गेली आणि तांदूळ धुवायला बसली. आप्पा काठावर जाऊन हाक मारायला लागले, "अनिल, ए अनिल." कोणी त्यांना थांबवलं नाही. मला तेव्हाही क्षणभर वाटलं, बाळाला अनिल म्हणतायत. मग कळलं. सगळंच कळलं. मुंबईत कोणी नव्हतं. परका माणूस उतरला की घराचं नाव बोटींशी जोडलं जाऊ नये म्हणून घरच्या पुरुषाने भाऊ व्हायचं, आणि साहेब आला की कठड्यावर लाल साडी.

होड्या दिवसभर गळ टाकत फिरल्या. दोन्ही काठांवर पोलीस आले. ते एकमेकांशी फोनवर बोलत होते. तो नक्की कुठे बुडाला, रेघेच्या अल्याड की पल्याड, कारण त्यावर कोणी शोधायचं ते ठरणार होतं.


शुक्रवार, २४ जानेवारी

तो काल सापडला. पलीकडच्या कांदळवनात, भरतीच्या पाण्याने तिकडे नेलं. पंचनामा तिकडे, मग होडीतून इकडे आणला. मला कोणी जा म्हटलं नाही, कोणी थांबही म्हटलं नाही. मी अंगणात बायकांमध्ये बसले होते. ज्ञानेश्वरी रडली नाही. येणाऱ्या प्रत्येकीला पाणी विचारत होती. एक म्हातारी म्हणाली, हिला रडवा गो कोणीतरी, नायतर छाती फुटेल.

आज सकाळी संदेश येऊन गेला. बोटी त्याच्याच आहेत हे आता मला कोणी सांगायची गरज नव्हती. आप्पांशी आत बराच वेळ बोलला. तो गेल्यावर ज्ञानेश्वरी वर माझ्या खोलीत आली आणि दाराशीच उभी राहिली.

"पोलीस येतायत तुमचा जबाब घ्यायला. तुम्हीच शेवटचं पाहिलंत ना."

"हो."

"तो मासे धरायला गेला होता असं सांगाल? होडीतनं. बोट नव्हती."

ती म्हणाली, "बोटीवर होता असं लिहिलं तर तो चोर ठरेल. मेलेला चोर. सरकारी मदत नाय, उलट आप्पांच्या मागे चौकशी. संदेश म्हणालाय, असं लिहिलं तर तो घराचं बघेल. किती दिवस बघेल ते मलाही कळतं. पण ताई, दुसरं कोण आहे?"

"आणि खरं बाहेर यायला नको? परत दुसरा कोणीतरी असाच खाली जाईल."

"जाईल," ती म्हणाली. "तुम्ही खरं आधी सांगितलंत ते झालं ना. आता हे माझ्यासाठी सांगा."

हवालदार वयस्कर होते, हरिश्चंद्र नावाचे. ओसरीवर खुर्ची टाकून बसले. मुंबईतून सुजयचा फोन सारखा येत होता, प्रत्यक्षदर्शी म्हणून दोन शब्द बोला म्हणून. मी फोन बंद करून ठेवला. आप्पा भिंतीला टेकून बसले होते. ज्ञानेश्वरी माजघराच्या दारात, अर्धी आत.

"घरचे म्हणतात मासेमारीला गेला होता," हवालदार म्हणाले. माझ्याकडे न बघताच लिहीत होते. "बरोबर?"

"बरोबर."

"बोट वगैरे?"

"नव्हती. होडी होती."

"तुम्ही काय पाहिलंत ते सांगा."

वीस वर्षं कॉलेजात मी दुसऱ्यांची नावं, तारखा, मार्क बिनचूक उतरवत आले. एकही खोटी नोंद केलेली आठवत नाही. मला वाटलं होतं, एक वाक्य कसंबसं तोंडातून निघेल. पण ते थांबेचना.

मी सांगितलं, तो होडीत एकटाच होता. गळ टाकून बसला होता. घाई काही नव्हती त्याला. सकाळचं ऊन पाठीवर घेतलं होतं. जवळच पाणकावळे बुड्या मारत होते, त्यांच्याकडे तो बघत होता. एक पक्षी त्याच्या होडीच्या टोकावर येऊन बसला तर तो हललासुद्धा नाही, उडून जाईल म्हणून. मी गॅलरीत आहे हे त्याला दिसलं, त्याने हात केला. मग घराकडे बघितलं, जरा जास्त वेळ, आणि परत गळाकडे वळला.

हवालदारांचं पेन थांबलं होतं. "मग?" ते म्हणाले.

"मग मी चहा घ्यायला आत आले."

माजघराच्या दारातून आवाज आला. आधी मला खोकला वाटला. ज्ञानेश्वरी चौकट धरून खाली बसली होती, पदर तोंडात कोंबलेला, आणि तिचं सगळं अंग हलत होतं. शेजारच्या बायका धावल्या. आप्पा जागचे उठले नाहीत. त्यांनी डोळे मिटून घेतले होते, आणि ते मला म्हणाले, "अजून सांग, बाय. अजून काय करत होता?"